आणावं, विकत घ्यावं की ऐकावं?

दिवाळीच्या बोनसमधून किंडल, म्हणजे ई-पुस्तकं वाचायचं यंत्र, घेऊ का, असं ऑफिसातल्या मैत्रिणीने विचारलं. पुन्हा वाचायला लागायचंय, म्हणाली. मी तिलाच विचारलं, "शेवटची दहा पुस्तकं आठव. संपवली किती, आणि परत उघडली किती?" ती हसायलाच लागली. माझंही काही वेगळं नाही. गेल्या वर्षी २४ पुस्तकं हातात घेतली, १५ संपवली, त्यातली ३ पुन्हा वाचली. एवढं मांडलं की पुस्तक कुठून आणायचं ते बरंचसं ठरतं. पैशांचा हिशेब नंतरचा.

तोही करूच. अडीचशे पानांचं नवं मराठी पुस्तक हल्ली तीनशे-चारशेला पडतं. २४ घेतली तर वर्षाचे साडेआठ हजार. माझ्या वाचनालयाची वर्गणी महिन्याला ८० रुपये, म्हणजे वर्षाचे ९६०. अनामत वेगळी, पण ती परत मिळते. आणि पैशांपेक्षा मोठी गोष्ट अशी, की वाचनालयाचं पुस्तक सोडताना मन खात नाही. एक साडेसातशे पानी ऐतिहासिक कादंबरी मी विकत घेतली होती. पहिल्या शंभर पानांत तलवारी कितीदा म्यानातून निघाल्या, लढाई मात्र एकही नाही. पैसे टाकलेत म्हणून तीन महिने ओढली आणि त्या तीन महिन्यांत दुसरं अक्षर वाचलं नाही. वाचनालयाची असती तर दुसऱ्या दिवशी परत केली असती.

वाचनालय निवडताना दारावरची पाटी बघतात लोक. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली शासनमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात, अनुदानही त्यावर. पाटी बघा, पण मग आत जाऊन चार पुस्तकांना चिकटवलेल्या तारखांच्या चिठ्ठ्या बघा. यंदाचे शिक्के दिसले तर खुशाल नाव नोंदवा. बाकी, दुसऱ्यांच्या हातातून आलेलं पुस्तक दुसऱ्यांच्या खुणा घेऊन येतं, याची तयारी हवी. मला एकदा एक आत्मचरित्र मिळालं, त्यात कुणीतरी लाल पेनने ऱ्हस्व-दीर्घ सुधारत गेलेलं. निवृत्त मास्तर असावेत. पान १६० नंतर लाल पेन थांबतं. मीही साधारण तिथेच थांबले.

मग विकत कधी घ्यायचं? पुन्हा उघडाल अशी खात्री असेल तेव्हा. कविता तर विकतच. ग्रेस आपल्याच नागपूरचे, पण त्यांची कविता पंधरा दिवसांत वाचून परत करायची म्हणजे लोणचं घालून त्याच संध्याकाळी बरणी रिकामी करण्यासारखं. दुसरं कारण असं, की मराठी पुस्तकांच्या आवृत्त्या लहान. हजारेक प्रती संपल्या की पुढची कधी निघेल, निघेल की नाही, प्रकाशकही सांगत नाही. असं पुस्तक दिसलं की उचलावं, विचार घरी येऊन करावा.

सीताबर्डीच्या बाजारात फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळतात, पण वरचा सगळा ढीग स्पर्धा परीक्षांचा. मराठी कथा-कादंबऱ्या खाली दबलेल्या असतात. गुडघ्यावर बसायची तयारी आणि हिंदीत घासाघीस करायची सवय हवी. पण नागपुरात पुस्तक घ्यायची खरी वेळ म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथे दीक्षा घेतली, त्या दिवसांत दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांच्या स्टॉलमागे स्टॉल लागतात. रात्रभर रेल्वेने आलेली माणसं पोटाला चिमटा काढून चार-चार पुस्तकं पिशवीत भरतात. माझ्याकडची बरीचशी आत्मकथनं तिथली आहेत. गर्दीत पुस्तक चाळायला सवड मिळत नाही, म्हणून मी यादी करून जाते. यादीत नसलेलीच जास्त येतात.

घेतलेलं पुस्तक आपल्या गावात सांभाळणं हेही एक कामच. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात गेला की स्वस्त बांधणीचा गोंद वाळतो, पुस्तक मधोमध उघडलं की कट्‌कन आवाज येतो आणि पानांचा एक जुडगा हातात. कूलर लावला की उलटं. त्याच्या ओल्या झोतात राहिलेलं पुस्तक आठवड्यात कोबीसारखं फुगतं. माझं कपाट कूलरच्या समोरच्या भिंतीला होतं, ते हलवायला मला तीन उन्हाळे लागले.

किंडलला ही दोन्ही दुखणी नाहीत. २०१६ च्या डिसेंबरपासून त्यावर मराठी पुस्तकं मिळतात. पडदा डोळ्यांवर चमकत नाही, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. मोतीबिंदूनंतर सासूबाई पुन्हा वाचायला लागल्या त्या अशाच एका यंत्रावर. घरात कुणाचे डोळे थकले असतील तर पुढचं काही न वाचता घेऊन टाका. नसतील तर थांबा. यंत्राचेच दहा हजारांच्या पुढे जातात, आणि तुम्हाला हवं ते मराठी पुस्तक त्यावर असेलच असं नाही. मी घेतलेल्या एका ई-पुस्तकात जोडाक्षरं अशी फुटलेली होती की 'विद्यार्थी' दर वेळी जिना चढल्यासारखा वाचावा लागला. फुकटचं वाचायचं असेल तर फोन पुरतो. लेखक गेल्यावर ६० वर्षांनी आपल्याकडे लेखन मुक्त होतं. इथून तासाभरावर सावनेरला १९१९ मध्ये वारलेले राम गणेश गडकरी, १९५० मध्ये गेलेले साने गुरुजी, सगळे मोकळे. राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाचीही कितीतरी पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. मात्र स्कॅन केलेली पानं सहा इंची पडद्यावर मुंगीएवढी दिसतात, तेव्हा ती संगणकावरच बरी.

ऐकण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. २०१७ मध्ये स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप भारतात आलं आणि मराठी ऐकणाऱ्यांची सोय झाली. पोळ्या लाटताना कथा, आठवणी, रहस्यकथा छान जातात. वैचारिक काही लावलं की चौथ्या पोळीला धागा सुटतो. मेट्रोत मी ऐकत नाही. वासुदेवनगर ते झाशी राणी चौक सात-आठ पानं होतात, ती वाचलेलीच बरी.

मैत्रिणीला मी म्हटलं, सहा महिने वाचनालय लाव. जे पुस्तक परत करवणार नाही ते विकत घे. बोनसचं मग बघू. तिने फॉर्म भरलाय.

मीही तेच करते. सध्या माझ्याकडे वाचनालयाचं एक जंगलवाटांचं पुस्तक आहे. पाचव्यांदा तारीख वाढवायला गेले तेव्हा काउंटरवरचे काका म्हणाले, "बाई, विकतच घेऊन टाका न जी आता." गेले होते मी दुकानात. आवृत्ती संपली आहे. तारीख सहाव्यांदा वाढवून आणलीये.