"नायट्रॉक्स फुकट, हाउस रीफ दारात": बेटावरच्या डाइव्ह रिसॉर्टने आम्हाला कसं फसवलं

स्कुबासाठी बेटावरचं रिसॉर्ट ठरवायच्या बेतात असाल, तर उरलेले पैसे भरण्याआधी हे वाचा. आम्ही प्रश्न विचारून, लेखी उत्तरं घेऊन बुकिंग केलं होतं आणि तरीही आमची सरळसरळ फसवणूक झाली. खोलीत काही खोट नव्हती. फसवणूक झाली ती पाण्याच्या बाबतीत, आणि तिथली लबाडी नुसत्या पैशांवर थांबत नाही.

माझ्या धाकट्या भावाचा ओपन वॉटर हा डाइव्हिंगचा पहिला कोर्स नुकताच झाला होता. माझा त्यापुढचा ॲडव्हान्स्ड कोर्स आणि नायट्रॉक्सचा, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेलं मिश्रण वापरण्याचा, असे दोन्ही झालेले. हिंदी महासागरातल्या एका बेटसमूहातली दोन रिसॉर्ट आमच्या यादीत उरली होती. दोन्हीकडे एकच प्रश्न पाठवले. पहिल्याने दोन दिवसांनी उत्तर दिलं: हाउस रीफचा, म्हणजे रिसॉर्टला लागूनच्या प्रवाळाचा, उथळ भाग ब्लीचिंगमध्ये (पाणी तापून प्रवाळ पांढरं पडण्यात) बराच गेलाय, खाली उतारावर अजून चांगला आहे, करंट (पाण्याला ओढ) असेल त्या दिवशी नवख्यांना तिथे सोडत नाही, बोट पुरेसे डाइव्हर जमले तरच निघते, नायट्रॉक्स आहे, पण त्याचे पैसे वेगळे. दुसऱ्याचं उत्तर तासाभरात आलं आणि त्यात सगळ्याला होकार होता. हाउस रीफ खोलीपासून पोहत जाण्याइतकी जवळ, तिथे हवे तितके डाइव्ह, बोटीचे रोज दोन, नायट्रॉक्स फुकट, निघायच्या दिवसापर्यंत डाइव्हिंग. सोबत फोटो: जांभळे स्पंज, माशांचे थवे, आरशासारखं पाणी. आम्ही दुसरं घेतलं.

तिथे पोहोचल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की डाइव्ह सेंटर रिसॉर्टचं नव्हतंच. जेट्टीजवळची एक शेड भाड्याने घेऊन कुणी तिसराच माणूस ते चालवत होता. आम्ही आमच्या पॅकेजचा कागद पुढे केला तर तो म्हणाला, "हे ऑफिसवाल्यांनी लिहिलंय, माझ्याशी काही बोलणं नाही." ऑफिसात गेलो तर, "डाइव्हिंगचं सगळं सेंटर बघतं." पुढचे सगळे दिवस आम्ही या दोन टेबलांमध्ये येरझारा घालत होतो. अख्ख्या फसवणुकीचं मूळ याच फटीत आहे. वचन एक जण देतो, पैसे तोच घेतो आणि पाण्यात नेणारा दुसराच असतो. खोली वाईट निघाली तर रिसॉर्टची अब्रू जाते, म्हणून खोली नीट ठेवतात. रीफ वाईट निघाली तर दोघंही हात वर करतात.

हाउस रीफ म्हणजे जेट्टीखालची वाळू आणि मोडक्या प्रवाळाचा खच. प्रवाळ मरणं हा रिसॉर्टचा गुन्हा नाही, हे मला मान्य आहे. 1998 आणि 2016 च्या ब्लीचिंगने हिंदी महासागरातल्या कितीतरी रीफ पार उजाड केल्या, आणि एप्रिल 2024 मध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर झालं. पहिल्या रिसॉर्टने हेच तर प्रामाणिकपणे कळवलं होतं. इथे मात्र फोटोच चोरलेले होते. संध्याकाळी भावाने ते पुन्हा उघडले आणि एका माशावर बोट ठेवलं. निळा-पिवळा, कपाळावर निळ्या कड्याचा मुकुटासारखा ठिपका. क्वीन एंजेलफिश. हा मासा कॅरिबियन आणि पश्चिम अटलांटिकमधला. हिंदी महासागरात तो दिसत नाही. म्हणजे आमच्या "दारातल्या" रीफचा फोटो दुसऱ्याच महासागरातून उचललेला होता. ही युक्ती उलटीही वापरतात. कॅरिबियन रिसॉर्टच्या जाहिरातीत क्लाउनफिश दिसला तर समजा फोटो चोरीचा आहे, कारण क्लाउनफिश अटलांटिकमध्ये नसतो. फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघायला मिनिटही लागत नाही, ते जरूर करा.

यापुढचं मात्र मला आजही संताप आणतं.

"फुकट नायट्रॉक्स"साठी पॅकेजचा वरचा दर घ्यावा लागला होता, तेव्हा फुकट कसलं. सिलिंडरच्या मानेवर टेप आणि टेपवर पेनने 32 लिहिलेलं. ना तारीख, ना कुणाची सही. ज्याने नायट्रॉक्सचा कोर्स केलाय त्याला हे पक्कं ठाऊक असतं, की आपल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन आपणच मोजायचा, दुसऱ्याच्या शब्दावर विसंबायचं नाही. मी ॲनालायझर, म्हणजे ऑक्सिजन मोजायचं यंत्र, मागितलं. "सेन्सर संपलाय, नवीन मागवलाय." मग मी डाइव्ह कॉम्प्युटर, जो खाली अजून किती वेळ राहता येईल ते सांगतो, साध्या हवेवर, 21 टक्क्यांवर ठेवला आणि तशीच उतरले. दुसऱ्या दिवशी त्याच साइटवर शेजारच्या बेटावरची बोट आली होती. त्यांच्या डाइव्हमास्टरने त्यांचा ॲनालायझर वापरू दिला. आधी उघड्या हवेत धरून आकडा जुळवला, मग माझा व्हॉल्व्ह जरासा उघडून नळी लावली. आकडा जागचा हलला नाही. 20.9. दुसरं सिलिंडर, तेच. नायट्रॉक्स म्हणून आम्हाला साधी हवा विकली जात होती.

यात जिवाशी खेळ कसा आहे ते सांगते. पाडी या डाइव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे 18 मीटरवर साध्या हवेत साधारण 55 मिनिटं राहता येतं. 32 टक्के नायट्रॉक्सवर हीच मर्यादा दीड तासाच्या आसपास जाते. टेपवर विश्वास ठेवून कुणी कॉम्प्युटर 32 वर लावला, तर कॉम्प्युटर त्याला अजून वेळ आहे म्हणून सांगत राहील आणि इकडे शरीरात नायट्रोजन साचत राहील. वर आल्यावर सांधे दुखायला लागले, हातपाय बधिर झाले, तर त्याला कळणारही नाही की हे कशामुळे. चूक उलट्या बाजूने झाली, म्हणजे सिलिंडरमध्ये सांगितल्यापेक्षा जास्त ऑक्सिजन निघाला, तर खोल पाण्यात झटके येऊ शकतात, आणि पाण्याखाली झटका म्हणजे बुडणंच.

मग मी बोटीवरचा ऑक्सिजन किट बघायला मागितला. डीकम्प्रेशनचा, म्हणजे शरीरात साचलेल्या नायट्रोजनचा त्रास झाला तर पहिला उपचार म्हणजे शुद्ध ऑक्सिजन. पेटी होती. आतला काटा शून्यावर होता.

बोटीच्या डाइव्हचंही तेच. रोज दोन म्हणजे "लोक जमले तर", हे वाक्य पॅकेजच्या कागदावर कुठेच नव्हतं. एके दिवशी बोट भरली, कारण बाकीचे सगळे अनुभवी होते, आणि साइट निवडली ती 28 मीटरवरच्या भिंतीची. भावाच्या कार्डाला 18 मीटरची मर्यादा. ब्रीफिंगमध्ये मी ते सांगितलं तर गाइड हसून म्हणाला, "माझ्याजवळ राहा, काही होत नाही." भाऊ माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, मला नाही जायचं इतकं खाली." त्याच्यासाठी वेगळा गाइड नव्हता, उथळ पर्याय नव्हता. आम्ही दोघंही बोटीवर बसून राहिलो, आणि हिशेबात मात्र तो डाइव्ह आमच्या नावावर "घेतला" म्हणून मांडला गेला.

शेवटच्या दिवसाची लबाडी तर इतकी साधी आहे की पटकन लक्षातच येत नाही. "निघायच्या दिवसापर्यंत डाइव्हिंग" या हिशेबाने पॅकेजमध्ये त्या दिवसाचेही डाइव्ह मोजून त्यांचे पैसे लावले होते. आता डाइव्हनंतर विमानात बसायचे संकेत ठरलेले आहेत. डॅन ही डाइव्हरांच्या सुरक्षेची संस्था सांगते की एका साध्या डाइव्हनंतर निदान 12 तास, आणि रोज अनेक डाइव्ह केले असतील तर निदान 18 तास थांबा. बरेच जण पूर्ण दिवस सोडतात. म्हणजे दुपारचं विमान असलेल्या माणसाला त्याच सकाळचा डाइव्ह विकणं म्हणजे कधीच वापरता न येणारी वस्तू विकणं. पॅकेजमधल्या डाइव्हच्या संख्येतून येण्याचा आणि जाण्याचा दिवस वजा करा आणि मगच दोन रिसॉर्टांचे दर शेजारी शेजारी ठेवा. आमचं "स्वस्त" रिसॉर्ट त्या हिशेबाने पहिल्यापेक्षा महाग पडलं होतं.

प्रसिद्ध साइटच्या नावावर असंच विकलं जातं. मलेशियाच्या सिपादान बेटावर 2004 च्या अखेरीपासून मुक्कामाला बंदी आहे. डाइव्हर माबुल, कापालाई किंवा सेम्पोर्नाला राहतात आणि रोजचे परमिट मोजके असतात. तेव्हा "सिपादान पॅकेज" म्हटलं की परमिट नेमकं कोणत्या दिवसाचं आणि कुणाच्या नावावर, हे लेखी घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. मालदीवमधल्या हनिफारू बेमध्ये मांटा हे मोठे रे मासे बघायला लोक जगभरातून येतात, पण तिथे स्कुबाला परवानगी नाही, फक्त स्नॉर्केलिंग. कुणी तुम्हाला "हनिफारूचा मांटा डाइव्ह" विकत असेल तर तो खोटं बोलतोय. मालदीवमध्ये हौशी डाइव्हिंगची मर्यादाही 30 मीटर आहे. त्याखाली नेतो म्हणणाऱ्याची शेखी ऐकून भुलू नका.

मी आता कुठल्याही रिसॉर्टला पहिला प्रश्न विचारते तो खोलीचा नसतो. डाइव्ह सेंटर कुणाचं आहे, आणि त्याच्या प्रमुखाशी मला थेट बोलता येईल का? यावर टाळाटाळ झाली की मी पुढे जातच नाही. थेट बोलणं झालं की कॉम्प्रेसर त्यांचा स्वतःचा आहे का, नायट्रॉक्स तिथेच भरतात का, ॲनालायझर डाइव्हरच्या हातात देतात का, बोटीवर ऑक्सिजन किती वेळ पुरेल, जवळचं रिकम्प्रेशन चेंबर (डीकम्प्रेशनच्या त्रासावर जास्त दाबाखाली उपचार करायची जागा) कुठे आणि तिथे पोहोचायला किती तास, हे विचारते. हे प्रश्न ऐकून चांगल्या सेंटरच्या माणसाला राग येत नाही, उलट तो खुलून बोलायला लागतो. इन्स्ट्रक्टर खरोखर सदस्य आहे का आणि त्याचं सदस्यत्व चालू आहे का, हे त्याच्या संस्थेकडे चौकशी करून कळतं. डाइव्हिंगचा विमा वेगळा काढा. साध्या प्रवास विम्यात चेंबरचा खर्च बहुतेक वेळा बसत नाही किंवा किती मीटर खाली गेलात याची अट असते.

पैशांचं काय झालं तेही सांगते. रिसॉर्टने परत आल्यावर एकाही ईमेलला उत्तर दिलं नाही. आम्ही कार्डाने पैसे भरले होते, म्हणून बँकेकडे चार्जबॅकचा, म्हणजे कार्डाने भरलेले पैसे परत मिळवण्याचा, अर्ज केला. सोबत त्यांचं ते तासाभरात आलेलं होकाराचं ईमेल, चोरीचा फोटो आणि मूळ फोटो, टेपवरचा 32 आणि ॲनालायझरवरचा 20.9 एकाच चौकटीत दिसतील असा मी काढलेला फोटो, आणि न झालेल्या डाइव्हची तारीखवार नोंद जोडली. डाइव्हिंगचा बराचसा भाग परत मिळाला. खोलीचा नाही, कारण खोली तर मिळाली होती. पॅकेज एकरकमी लिहिलेलं असल्यामुळे त्यातलं डाइव्हिंग किती हे सिद्ध करण्यातच सगळ्यात जास्त वेळ गेला. तुम्ही बुकिंग करताना खोली, बोट, नायट्रॉक्स आणि साहित्याचं भाडं यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागा, आणि थेट बँक ट्रान्सफरचा आग्रह धरणाऱ्याला नाही म्हणा. नायट्रॉक्सची आणि 28 मीटरची तक्रार इन्स्ट्रक्टरच्या संस्थेकडे केली आहे. पाडीसारख्या संस्थांकडे अशा तक्रारींसाठी वेगळा विभाग असतो. तिथला अर्ज आम्ही दोघांनी वेगवेगळा भरला आणि त्या दिवशी बोटीवर असलेल्या आणखी दोन डाइव्हरांनीही आपलं म्हणणं लिहून दिलं.