स्क्विडचा शेजारधर्म: दोन लॅब, दोन कॅश

विरजण संपलं तर डेअरी गाठण्याआधी आपण शेजारी विचारतो. स्क्विड हे कॅशिंग प्रॉक्सी, म्हणजे मशिन आणि इंटरनेट यांच्या मध्ये बसून उतरवलेल्या फाइलींच्या प्रती (कॅश) जपणारं सॉफ्टवेअर. त्यातलं ‘सिबलिंग’ (भावंड) नातं तसंच आहे: आपल्या कॅशमध्ये फाइल नसेल तर शेजारच्या प्रॉक्सीला विचारायचं, तिथेही नसेल तरच बाहेर जायचं. सांगलीतल्या एखाद्या कॉलेजात दोन इमारतींत दोन लॅब, मध्ये गिगाबिट केबल आणि बाहेर जायला एकच लाइन असेल, तर हे मोफत सॉफ्टवेअर जरूर बसवावं.

दोन्ही मशिनवर स्क्विडच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एकमेकांची ‘कॅश पीअर’ ओळ लिहायची: सिबलिंग, ३१२८ (फाइल मागायचा पोर्ट), ३१३० (विचारपूस करायचा पोर्ट) आणि शेवटी ‘प्रॉक्सी-ओन्ली’, म्हणजे शेजाऱ्याकडची फाइल आपल्या डिस्कवर पुन्हा साठत नाही. बहुतेकांचं घोडं पुढे अडतं. आयसीपीचा, म्हणजे शेजाऱ्याला ‘फाइल आहे का’ विचारणाऱ्या प्रोटोकॉलचा, पोर्ट मुळात शून्य, म्हणजे बंद असतो. तो ३१३० करा, ‘आयसीपी ॲक्सेस’मध्ये शेजाऱ्याचा आयपी घाला, फायरवॉलमध्ये त्या पोर्टचं यूडीपी उघडा. ॲक्सेस लॉगमध्ये ‘सिबलिंग हिट’ दिसू लागलं की जमलं. दोघांनी एकमेकांना ‘पेरेंट’ (ज्याच्यामार्फत बाहेर जायचं तो वरचा प्रॉक्सी) मात्र करू नये, मागणी गोल फिरत राहते.

कॅशमध्ये साठणाऱ्या फाइलची कमाल मर्यादा मूळ ४ एमबी आहे. उबंटूची मोठी पॅकेजेस त्यात बसत नाहीत. ती वाढवा, पण ती ओळ ‘कॅश डिर’च्या (साठ्याची जागा सांगणाऱ्या ओळीच्या) वर हवी. खाली लिहिली तर काहीच फरक पडत नाही आणि माणूस डोकं खाजवत बसतो.

आयसीपीचा खरा दोष वेगळाच. त्याच्या प्रश्नात फक्त यूआरएल (फाइलचा पत्ता) जातो, हेडर (मागणीसोबतचे तपशील) नाहीत. शेजारी ‘आहे’ म्हणतो, मागायला गेलं की माल शिळा निघतो, ५०४ हा एररचा कोड येतो आणि मग बाहेरची फेरी घडतेच. एचटीसीपी हा दुसरा प्रोटोकॉल, पोर्ट ४८२७, हेडरही पाठवतो, म्हणून अशी फसगत कमी. कॅश डायजेस्ट या तिसऱ्या पद्धतीत विचारणंच नाही, शेजाऱ्याच्या मालाची गोळाबेरीज यादी आणून ठेवायची. ती तासाला एकदाच नवी होते, त्यामुळे नुकतीच आलेली फाइल तिच्यात नसते. दोन मशिनांना आयसीपी पुरे.

सांगली-मिरज जोडायचा मोह टाळा. दोन्हीकडे सारखीच ब्रॉडबँड लाइन असेल, तर मिरजेहून फाइल आणणं म्हणजे बाहेरूनच आणणं, वर विचारण्यात गेलेला वेळ वेगळा.

आणि व्हिडिओ, सोशल मीडिया वाचेल ही आशा नको. एचटीटीपीएसचा मजकूर बोगद्यातून बंद जातो, स्क्विडला आतलं दिसतच नाही. बचत होते ती साध्या एचटीटीपीवरच्या लिनक्स अपडेटची. चाळीस मशिनांच्या लॅबला तेवढंही थोडं नाही.