थेट छोटं विमान की मोठ्या विमानतळावरून वळसा?

दोन छोट्या विमानतळांमधलं हवाई अंतर समजा ४०० किलोमीटर आहे. एटीआर ७२ सारखं पंख्यांचं विमान ताशी साधारण ५१० किलोमीटर वेगानं उडतं. हिशेब ४७ मिनिटांचा, पण वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास वेळ दिसते. ही वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि पलीकडे जाऊन थांबलं की संपते. धावपट्टीपर्यंत जाणं, चढाई, उतरण्याआधीचा वळसा आणि उशीर झालाच तर हाताशी ठेवलेली थोडी सवड, सगळं त्यात धरलेलं असतं.

जेट असेल तर? ताशी ८३० किलोमीटरनं हेच अंतर २९ मिनिटांचं. कागदावर १८ मिनिटं वाचली. पण एवढ्याशा अंतरात जेट चढतं न चढतं तोच उतरायला लागतं, पूर्ण वेग त्याला फार थोडा वेळ मिळतो. म्हणून केवळ जेट आहे म्हणून जास्त पैसे मोजू नका. शिवाय बऱ्याच छोट्या विमानतळांची धावपट्टी जेटला पुरतच नाही, तिथे हा प्रश्नच येत नाही.

वाऱ्याचा फरक मात्र पंख्यांच्या विमानात चांगलाच जाणवतो. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असेल तर ४७ ची ५९ मिनिटं होतात. परतताना तोच वारा पाठीशी आला की ३९. जाण्यायेण्याच्या वेळा वेगळ्या दिसल्या तर त्यामागे बहुधा हेच असतं.

खरी निवड आहे ती थेट विमान आणि मोठ्या विमानतळावरून जोडविमान यांत. वळशाच्या मार्गात सव्वा सव्वा तासाची दोन उड्डाणं आणि मध्ये दोन तास थांबायचं धरलं, तरी साडेचार तास गेले. थेट जाणाऱ्याचं तोवर जेवणही उरकलेलं असतं. छोट्या विमानतळावर विमानातून उतरून चालतच इमारतीत जायचं, सामानही लवकर हाती येतं. वृद्ध आईवडील किंवा लहान मूल बरोबर असेल तर माझं मत सरळ थेट विमानाच्या बाजूनं, तिकीट थोडं महाग पडलं तरी. फक्त चाकांची बॅग मोठी नको. वरचे कप्पे लहान असतात, बॅग शिडीपाशीच काढून घेतात.

थेट विमानाची लंगडी बाजू वेळापत्रकात आहे. आठवड्यातून दोन-तीनच फेऱ्या असतील आणि एक रद्द झाली, तर दोन दिवस अडकाल. धुकं पडलं की उतरण्यासाठी लागणारी उपकरणं नसलेलं विमानतळ आधी बंद पडतं. रात्री दिव्यांची सोय नसेल तर संध्याकाळचं उशिरा सुटलेलं विमान परत फिरवावं लागतं. म्हणून परीक्षा, शस्त्रक्रिया, मुलाखत अशी न हलणारी तारीख असेल तर आदल्या दिवशीचं थेट विमान घ्या. तशी फेरीच नसेल तर वळसा पत्करा. मोठ्या विमानतळावरून दिवसात पुढची फेरी मिळण्याची शक्यता जास्त.

वळशाचं ठरलंच तर दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटावर हवीत. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं सुटलं, तर पुढची सोय करणं कंपनीकडे येतं. वेगवेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण सुटलेल्या विमानाचे पैसे तुमच्याच खिशातून जातात, आणि सामानही मध्येच उतरवून पुन्हा जमा करावं लागतं.