कामगार कायद्याचं ॲप, नऊ महिन्यांनंतर

गोव्यात डिचोलीजवळ आमचा काजूगराचा छोटा कारखाना आहे. माणसं सव्वीस. त्यातल्या चौदा बायका किलोमागे पैसे घेऊन गर सोलतात. 2025 च्या मे महिन्यात पगार, पीएफ, ईएसआय (कामगारांचा आरोग्यविमा) सांभाळणारं एक ॲप घेतलं. महिन्याला 1,800 रुपये, त्यात फोनवरचा सल्लागारही आला. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत.

घेतलं ते सरळ भीतीपोटी. आमच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षं एकोणीसच नावं. वीस झाले की पीएफ लागतो, म्हणून विसावा कधी जन्मालाच आला नाही. उरलेल्या सात बायका किलोच्या वहीत. त्या ‘आपल्या कामगार नव्हेतच’, हा आमच्या जुन्या हिशेबनिसांचा सिद्धांत. सल्लागाराने पहिल्याच फोनवर विचारलं, ‘‘मग त्या कोणाचे काजू सोलतात?’’ किलोवर असो की महिन्यावर, माणूस मोजलाच जातो. वर आकडा एकदा वीसवर गेला की नंतर अठरावर आला तरी पीएफ सुटत नाही. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मला सगळ्यांत उपयोगी पडली ती किलोची नोंद. संध्याकाळी वजनकाट्यावरचे आकडे भरायचे. दिवसाची कमाई किमान वेतनाखाली गेली की त्या बाईची ओळ लाल होते. उन्हाळ्यात कधी लाल दिसलं नाही. जुलैत मात्र एका आठवड्यात सहा ओळी लाल. हवा दमट असली की साल गराला चिकटून बसते, हात तेवढाच चालतो पण किलो भरत नाहीत. फरक मालकाने भरायचा असतो हे मला माहीतच नव्हतं. दर पावसाळ्यात बायका कमी पैसे घेऊन घरी जात होत्या आणि आम्ही म्हणत होतो, ‘पावसात काम मंदावतंच.’

आता तक्रारी. ॲप बाहेरच्यांनी बनवलंय हे पावलोपावली जाणवतं. जूनच्या पगारात सगळ्या पुरुषांचे 200 रुपये प्रोफेशनल टॅक्स म्हणून कापले गेले. गोव्यात हा कर नाहीच! राज्य ‘महाराष्ट्र’ असं आधीच भरून ठेवलेलं होतं. पैसे परत देताना बॉयलरवाला मिश्कील हसत होता. सुट्ट्यांच्या यादीत 19 डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, नव्हता, तो मी घातला. बोनसची आठवण दिवाळीला येते. आमच्याकडे पैसे हवेत चवथीला (गणेशचतुर्थीला), गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या फळाफुलांचा बाजार भरायच्या आधी. कायद्याला काय, 30 नोव्हेंबरच्या आत दिलं की पुरे.

ईएसआयमध्ये मात्र ॲप हटून बसलं ते बरं झालं. याच बॉयलरवाल्याचा पगार जुलैत 21,500 केला. मर्यादा 21,000 ची, म्हणून मी त्याचं नाव काढायला गेलो, तर निघेना. एप्रिल ते सप्टेंबर हा वर्गणीचा एक काळ. मध्येच पगार वाढला तरी सप्टेंबरअखेर वर्गणी चालूच. त्याचे 162, माझे 699. तो कुरकुरला, मीही कुरकुरलो. जानेवारीत त्याच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन मडगावच्या ईएसआय हॉस्पिटलात झालं. एप्रिल-सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढचे जानेवारी ते जून उपचार मिळतात, हे तेव्हा कळलं. नाव निघालं असतं तर?

21 नोव्हेंबर 2025 ला जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या. ॲपवर त्या दिवशी तीन लांबलचक इंग्रजी संदेश, आणि सल्लागाराचा फोन चार दिवस लागेना. त्यांचंही चूक म्हणवत नाही, सगळेच वाचत बसले असणार. पण पैसे आपण अशाच दिवसासाठी भरतो ना? पाचव्या दिवशी त्याने एवढंच सांगितलं, ‘‘सगळ्यांना नेमणूकपत्रं द्या, आणि सोडून जाणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करा.’’

नमुन्याची पत्रं इंग्रजी आणि हिंदीत. मराठी नाही, कोकणी तर नाहीच. मी बसून मराठी केली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी सोलणाऱ्या चौदा बायकांना वाटली. बहुतेकींनी न वाचता सही केली. एक मात्र खिडकीपाशी गेली, चष्मा लावून ओळीवर बोट ठेवत वाचत राहिली. मग म्हणाली, ‘‘पात्रांव (मालक), हे वर्ष चुकलंय. मी 2016 च्या चवथीनंतर लागले.’’

पत्रात 2025 होतं. ॲपमध्ये सगळ्यांची नावं ज्या दिवशी भरली, तीच तारीख रुजू होण्याची म्हणून बसली होती. भरणारा मीच.

तिच्यासमोरच तारीख बदलली. ग्रॅच्युइटीच्या, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेच्या, रकान्यात आधी शून्य होतं. रोजची सरासरी 540, वर्षामागे पंधरा दिवसांचे 8,100, नऊ वर्षं: 72,900. तिने आकडा दोनदा वाचून घेतला आणि विचारलं, ‘‘बाकीच्यांची वर्षं बघितली?’’

तेरा पत्रं परत मागवली आहेत.