पार्किन्सन: कॅप्सूलची डबी, खाजकुयलीची पूड की घामाची चाल?

बाबांना पार्किन्सन असल्याचं कळलं त्या आठवड्यात आमच्या फोंड्याच्या घरी तीन गोष्टी जमल्या. भावाने आणलेली कोएन्झाइम क्यू-टेन या पूरकाच्या कॅप्सूलची डबी, शेजारच्या काकींनी दिलेली खाजकुयलीची पूड, आणि गोळ्यांखाली ‘व्यायाम’ असं लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी. या आजारात मेंदूतल्या मज्जापेशी मरत जातात; उरलेल्या वाचवायला यातलं काय धरायचं, असा पेच तुमच्याही घरी असेल तर माझा कौल चिठ्ठीला.

डबीचं आधी उरकते. क्यू-टेन ६०० रुग्णांना रोज २४०० मिलिग्रॅमपर्यंत देऊन पाहिलं. फायदा दिसेना म्हणून २०११ मध्ये चाचणी थांबवली. क्रिएटिन या दुसऱ्या पूरकाची १,७४१ रुग्णांवरची चाचणी २०१३ मध्ये अशीच गुंडाळली. ई जीवनसत्त्व तर १९९३ लाच नापास झालं होतं. उंदरांत जमतं ते माणसात जमतंच असं नाही. हात थरथरू लागेपर्यंत डोपामिन (हालचालींना लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणाऱ्या बऱ्याच पेशी गेलेल्या असतात, हेही त्यामागचं एक कारण मानलं जातं.

खाजकुयली मात्र थोतांड नाही, आणि घोळ तिथेच आहे. तिच्या बियांत खरंच लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत जाऊन डोपामिन बनणारं औषध, असतं; डॉक्टरांच्या गोळीत असतं तेच. गोळीत ते मोजून घातलेलं, पुडीत किती आहे देव जाणे. दोन्ही एकदम घेतलं तर मळमळ, चक्कर, अंगाचे नको ते हेलकावे. झाडपाल्याचं म्हणून डॉक्टरांपासून लपवू नका. लेव्होडोपाने हालचाल सुधारते, पेशी वाचत नाहीत. गोळी लवकर सुरू केल्याने नुकसानही होत नाही, हे २०१९ च्या चाचणीत दिसलं. तेव्हा भीतीपोटी गोळी लांबवण्यात अर्थ नाही. फक्त हुमण-भाताच्या (माशाची आमटी-भात) अर्धा तास आधी घ्यावी, माशातली प्रथिनं तिची वाट अडवतात.

राहिली चाल. २०१८ मध्ये १२८ नव्या रुग्णांवर ट्रेडमिलची चाचणी झाली. दम लागेल असं चालणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळपास जागच्या जागी राहिली. न चालणाऱ्यांची वाढली. पेशी वाचल्या असं यातून सिद्ध होत नाही, पण डबीने एवढंही दाखवलेलं नाही. रमतगमत फिरणं यात धरू नका, नाडी चढायला हवी. किती, ते हृदय तपासून डॉक्टरांनाच ठरवू द्या. पणजीत मिरामार किनाऱ्याच्या वाळूत तोल जातो, कांपालची सपाट वाट बरी. आणि जूनपासून पाऊस घराबाहेर पडू देत नाही, तेव्हा डबीचे पैसे साठवून जागच्या जागी चालवायची सायकल घ्या. आमची बाल्कावात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, आहे.