लगच्या जोडाची जुनी सेन-रॅले: पावसाळा आणि वेचणीचा हंगाम वापरल्यावर

काकांकडची ही सायकल पेरणीच्या तोंडावर घेतली. आता कापसाची वेचणी आटोपत आली, तरी रोज वावरात जाते. सीट, टायर, रंग कुठल्याही दुकानात बदलून मिळतात. त्यामुळे लिहितो ते फक्त फ्रेमबद्दल, त्यातही जोडांबद्दल.

हिच्यात नळीला नळी थेट वेल्ड केलेली नाही. प्रत्येक जोडावर पोलादी लग, म्हणजे नळ्यांची टोकं आत बसतात अशी बाही आहे. नळी त्यात बसवून, ज्योतीवर तापवून पितळ सोडतात. पितळ साधारण ९०० अंशांना वितळतं, पोलाद १४०० च्या वर. म्हणून नळी शाबूत राहते आणि पितळ बारीक फटीत आपसूक ओढलं जातं. लगच्या कडा निमुळत्या असल्याने धक्क्याचा ताण एकाच रेषेवर साचत नाही. कॅरियरवर ढेपेचं पोतं आणि खाली पांदणीतल्या चाकोऱ्या, एवढं होऊनही एकही लग हललेला नाही.

मागच्या चिमट्याचा एक जोड मात्र घेतानाच सुटलेला होता. मिस्त्रींनी जुनं पितळ तापवून काढलं, नळी घासून लख्ख केली, टाकणखार लावून नवं पितळ भरलं. अशी दुरुस्ती होते, हेच मला या बांधणीचं सगळ्यात मोठं मोल वाटतं. इथे विजेच्या वेल्डिंगचा रॉड लावू देऊ नका, नळी जळते.

रेनॉल्ड्सच्या ५३१ नळीच्या (१९३५ पासूनच्या) ब्रिटिश हातबांधणीच्या फ्रेम वेगळ्या. ती नळी मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची, बहुधा टोकांना जाड आणि मधे पातळ. जास्त तापली तर कमजोर होते, म्हणून बरेच कारागीर कमी उष्णतेवर वितळणारी चांदीची झाळ वापरत. आपली साधी नळी जड खरी, पण गावच्या भट्टीला दाद देते.

पावसात स्टीलच्या रिमवर ब्रेक फारच कमी लागतो, उतारावर जपूनच. काळ्या मातीत मडगार्ड गच्च भरतात, तेव्हा हातात धरूनच न्यावी लागते. पाणी सीटच्या नळीतून खाली पायडलच्या एक्सलपाशी साचतं. मी पावसाळ्याआधी नळ्यांत उकळलेलं जवसाचं तेल फिरवून वाळू दिलं होतं. परवा एक्सल उघडला, आत नवा गंज नव्हता.

जुनी घेणार असाल तर आधी दोरा लावून बघा. मागच्या एका कानापासून (चाकाचा एक्सल बसतो ती खाच) पुढच्या हँडलच्या नळीला वळसा देऊन दुसऱ्या कानापर्यंत तो ताणायचा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर सारखं भरलं नाही, तर फ्रेम वाकलेली आहे.