मारामारी लिहिताना स्पॉटिफाय : आधी त्याची हुशारी बंद करा

पाठलाग, झटापट, तलवारबाजी लिहिताना कानात संगीत लागत असेल, तर स्पॉटिफायची प्रीमियम वर्गणी पैसे वसूल करून देते. मात्र ॲप बसवल्यावर जसं येतं तसंच वापरलं, तर लिखाणाचा विचकाच जास्त होतो. ही सेवा फेब्रुवारी २०१९ पासून भारतात आहे आणि तिचा सगळा जीव पुढचं गाणं सुचवण्यात आहे. मारामारी लिहिणाऱ्याला पुढचं गाणं नकोच असतं. त्याला तेच पुन्हा हवं असतं, तासभर, न थांबता.

त्यामुळे पहिलं काम सेटिंगमध्ये. ऑटोप्ले बंद करा. तो चालू असला की यादी संपल्यावर ॲप आपल्या मनाने ‘तसंच काहीतरी’ लावतं, आणि नायक गच्चीवरून उडी मारत असताना कानात कुणीतरी विरहगीत गायला लागतं. शफल आणि स्मार्ट शफल, दोन्ही बंद. स्मार्ट शफल जास्त त्रासदायक, कारण तो तुमच्या यादीत स्वतःची गाणी घुसडतो. मग एक तुकडा निवडून रिपीटचं बटण असं दाबा की चिन्हावर १ चा आकडा दिसेल.

इथेच एक बारीक खोट सापडते. पुष्कळ तुकड्यांच्या शेवटी आवाज विरत जातो आणि दोन-चार सेकंद नुसती शांतता असते. ऐकणाऱ्याला ती जाणवत नाही, लिहिणाऱ्याचा हात मात्र नेमका तिथेच थांबतो. म्हणून तुकडा पक्का करण्याआधी त्याची शेवटची पंधरा सेकंदं ऐकावीत. ताल तुटेपर्यंत जोरात चालणारा तुकडा घ्यावा, विरत जाणारा सोडावा. पाच मिनिटांपेक्षा लांब तुकडा मिळाला तर उत्तम, कारण सांधा कमी वेळा येतो.

एक तुकडा विरत असतानाच दुसरा त्यावर चढवणारी क्रॉसफेडची सोय बारा सेकंदांपर्यंत जाते. पाच-सहा तुकड्यांची यादी लावणार असाल तर तीन-चार सेकंद पुरेत. बारावर नेलं की एका तुकड्याचा मिनिटाला १४० ठोक्यांचा ठेका आणि दुसऱ्याचा १६५ चा एकमेकांवर आदळतात आणि तेवढा वेळ दोन लग्नांच्या वराती एकाच गल्लीत शिरल्यासारखं होतं. एका मैफलीचं सलग ध्वनिमुद्रण असेल तर क्रॉसफेड शून्यावर ठेवा, नाहीतर सांधे खाल्ले जातात.

आवाजाची पातळी सारखी करणारी सोय चालू ठेवावी आणि तिच्या तीन पायऱ्यांपैकी सगळ्यात शांत निवडावी. मधली पायरी साधारण उणे १४ एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) असते, शांत पायरी उणे १९ वर, मोठी उणे ११ वर. आकडे डोक्यात ठेवायची गरज नाही. एवढंच कळायला हवं की ही सोय दोन तुकड्यांमधला फरक कमी करते, एका तुकड्याच्या पोटातला नाही. तीन मिनिटं नुसती गुणगुण आणि मग अचानक ढोलांचा स्फोट, असा तुकडा कुठल्याही पायरीवर दचकवणारच. सिनेमाच्या पार्श्वसंगीतात असे तुकडे भरपूर, कारण ते पडद्यावरच्या स्फोटासाठी बांधलेले असतात. तुमच्या पानावरचा स्फोट त्याच क्षणी होणार नसतो.

शब्द असलेलं संगीत या कामाला घेऊ नये. ॲलन बॅडली आणि पियर सालामे या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं की अल्पकाळ लक्षात ठेवण्याच्या कामात गायलेलं संगीत नुसत्या वाद्यसंगीतापेक्षा जास्त अडथळा आणतं. वाक्य जुळवताना आपण तेच करत असतो: वाक्याचा पहिला अर्धा डोक्यात धरून दुसरा शोधत असतो. परकी भाषा त्यातल्या त्यात बरी. मराठी मात्र घातक, आणि त्यातही पोवाडा. डफ आणि तुणतुण्याचा ठेका लढाईसाठी अगदी नेमका, पण शाहिराने तोंड उघडलं की त्याचे शब्द तुमच्या पानावर उतरायला लागतात. दोन परिच्छेदांनी बघावं तर साधा रिक्षावाला ‘खवळून उठला’ असतो.

आता ठेक्याचा वेग. मारामारी म्हटली की लोक १६०-१८० बीट्स प्रतिमिनिटाचं काहीतरी लावतात. पहिलं अर्धं पान भराभर सुटतं, मग बिघडतं. गोव्यातल्या रायबंदर-चोडण फेरीबोटीवरचा पाठलाग अशा सलग, एकसुरी ठेक्यावर लिहिला तर तो बहुधा असा उतरतो:

‘तो धावला. रांग फोडली. रॅम्पवर चढला. मागे वळला. दोघं येत होते.’

सगळी वाक्यं एका मापाची. वाचणाऱ्याला यात वेग जाणवत नाही, धाप जाणवते, आणि पानभर धाप लागली की तो ओळी गाळायला लागतो. गद्यात वेग येतो तो लांब वाक्यानंतर तुटक वाक्य पडलं की:

‘तो धावला. रॅम्प वर उचलला जात होता, साखळ्या करकरत होत्या आणि फेरी नि धक्का यांच्यामधलं पाणी आधी वीतभर, मग हातभर, मग दोन हात रुंद होत चाललं होतं. त्याने उडी मारली.’

हे साधायला ठेक्यात थांबे लागतात. म्हणून वेगापेक्षा रचना पाहून तुकडा निवडावा: दहा-बारा सेकंद भरणारा, मग मोकळा होणारा, मग पुन्हा भरणारा. वेग ११०-१३० असला तरी चालतो.

अशी रचना आपल्याकडे आयती आहे. गोव्यात पेडण्याकडच्या दशावतारात दोन राजे आमनेसामने आले की पखवाज चढत जातो, झांज त्याला धार लावते, दोन-तीन फेऱ्यांनी सगळं थांबतं, एक जण आव्हान देतो, दुसरा उत्तर देतो, आणि पुन्हा पखवाज. मार आणि संवाद यांची ही पाळी कुठल्याही मारामारीच्या प्रसंगाचा आराखडा म्हणून जशीच्या तशी वापरता येते. शिगम्याच्या, म्हणजे गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, रोमटामेळाच्या मिरवणुकीत ढोल, ताशे आणि कासाळी (मोठ्या झांजा) थराथराने चढतात, मध्येच ‘ओस्सय’ची आरोळी पडते आणि ठेका बदलतो. गर्दीतला, अनेकांचा, अंगावर येणारा प्रसंग लिहायला याच्यासारखं दुसरं नाही. सत्तरी-डिचोलीकडच्या घोडेमोडणीत तर कमरेला लाकडी घोडा आणि हातात तलवार घेऊन नाचणारे असतात. तिथला ठेका पावलांचा आहे, म्हणून घोडदळाच्या प्रसंगाला बसतो.

आणि स्पॉटिफाय नेमकं इथे कमी पडतं. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला, म्हणजे तोंडावर चामडं ताणलेल्या मातीच्या भांड्याला, राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला, पण ॲपमध्ये घुमट शोधायला गेलात तर हाती लागतात त्या मुख्यतः आरत्या, म्हणजे परत शब्द आलेच. नुसतं सुवारी वादन, म्हणजे घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळं, किंवा नुसता रोमटाचा ठेका, लिहिण्याजोगा लांब आणि स्वच्छ, शोधून काढावा लागतो. शोधताना देवनागरी आणि रोमी, दोन्ही लिपींत टाकून पाहा. रोमीत एकाच वाद्याची दोन-तीन स्पेलिंग चालतात. सिनेमाछाप ‘एपिक’ संगीताचे डोंगर दोन बोटांवर आणि दारातला ढोल सापडता सापडत नाही, हा या सेवेचा सगळ्यात मोठा तोटा. पाचपैकी दीड गुण याच कारणाने कापावेसे वाटतात.

यावर तोड आहे ती लोकल फाइल्सची, म्हणजे स्वतःजवळच्या फाइल ॲपमध्ये वाजवण्याची. शिगम्यात किंवा चवथीत (गणेशचतुर्थीत), मंडळाला विचारून, फोनवर ध्वनिमुद्रण करा, आणि ते स्वतःच्या ऐकण्यापुरतंच ठेवा. ढोलाच्या जवळ उभं राहू नका. पाच फुटांवरून फोनचा माइक दबतो, ठोक्याचा माथा कापला जातो आणि नंतर हेडफोनमध्ये नुसतं ‘फट फट’ ऐकू येतं. दहा-पंधरा मीटर लांब, ताशांच्या समोर न येता बाजूला उभे राहा. रेकॉर्डिंग ॲपमध्ये आवाज आपोआप वरखाली करण्याची सोय असेल तर ती बंद करा. ती चालू राहिली तर ठोक्यानंतरच्या शांततेत गर्दीची कुजबुज फुगून वर येते, आणि आपल्याला हवे असलेले थांबेच भरून जातात. दहा मिनिटं सलग घ्या, त्यातली चांगली पाच-सहा मिनिटं कापा, आणि शेवट ठोक्यावर तोडा.

फाइल एमपी३ करून संगणकावरच्या एका फोल्डरमध्ये ठेवा, डेस्कटॉप ॲपच्या सेटिंगमध्ये लोकल फाइल्स चालू करून तो फोल्डर जोडा, फाइल एखाद्या प्लेलिस्टमध्ये टाका. फोनवरही लोकल फाइल्स चालू करून तीच प्लेलिस्ट डाउनलोड करायची. गाणं फोनवर करडं दिसतं आणि वाजत नाही, ही नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा एकच असतं: फोन आणि संगणक वेगवेगळ्या वायफायवर असतात. दोन्ही एकाच जोडणीवर आणले की फाइल उतरते.

डाउनलोडची सोय गोव्यात चैन नाही, गरज आहे. जून ते सप्टेंबर वीज गेली की राउटर बंद, आणि सत्तरी-काणकोणच्या आतल्या भागात मोबाइलचं नेटवर्कही भरवशाचं नाही. प्रीमियमच्या ज्या योजनेत डाउनलोड आहे तिच्यात हजारो गाणी ठेवता येतात, हे कुठल्याही कादंबरीला जास्तच. फक्त तीस दिवसांतून एकदा तरी ॲपला इंटरनेट दाखवावं लागतं, नाहीतर उतरवलेलं सगळं गायब होतं. फुकट खात्यात डाउनलोड नाही आणि मध्ये जाहिराती. झटापटीच्या मध्यावर साबणाची जाहिरात ऐकून पुन्हा प्रसंगात शिरायला लागणारा वेळ धरला, तर फुकट खातं फुकट पडत नाही. वर्गणीचे दर आणि योजना बदलत असतात, ते घेण्याआधी ॲपमध्येच पाहावेत.

आणखी दोन बटणं. एकच लढाईचा तुकडा शंभर वेळा वाजला की ॲपची तुमच्याबद्दल समजूत होते की हा माणूस सकाळ-संध्याकाळ युद्धच ऐकतो, आणि मुखपृष्ठावर भजन-नाट्यगीतांच्या जागी कवट्यांची चित्रं यायला लागतात. लिहिण्याच्या प्लेलिस्टच्या तीन ठिपक्यांत ती आवडीनिवडीच्या हिशेबातून वगळण्याचा पर्याय आहे, तो वापरा. ऐकलेलं हिशेबात न धरणाऱ्या प्रायव्हेट सेशननेही काम होतं, पण ते पुन्हा पुन्हा चालू करावं लागतं. दुसरं बटण इक्वलायझरचं, म्हणजे खालचे-वरचे नाद वेगवेगळे कमीजास्त करण्याचं. आयफोनवर तो ॲपमध्येच असतो, सहा पट्ट्यांचा. अँड्रॉइडवर फोनचाच उघडतो. कासाळी आणि ताशे जिथे कानाला टोचतात तो भाग साधारण २.४ किलोहर्ट्झच्या पट्टीपासून वर आहे. ती पट्टी आणि १५ किलोहर्ट्झची, दोन्ही थोड्या खाली ओढा. ६० आणि १५० हर्ट्झ वर न्यायचा मोह आवरा, नाहीतर ढोल घुमायला लागतो आणि थांबे पुसले जातात.

हेडफोनबद्दल थोडक्यात. फोनच्या किंवा लॅपटॉपच्या स्पीकरवर हे सगळं व्यर्थ आहे: घुमटाचा खालचा नाद त्यांतून निघतच नाही, उरतो तो कासाळ्याचा खणखणाट. बाहेरचा आवाज गाळणारे हेडफोन पंखा, जनरेटर, पत्र्यावरचा संततधार पाऊस यांच्यावर चांगलं काम करतात. शेजारचं बोलणं आणि बसचा हॉर्न त्यांना फारसा आवरत नाही. नकली चामड्याच्या गाद्या इथल्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत सोलायला लागतात आणि एप्रिल-मेमध्ये कान घामाने चिंब करतात, म्हणून कापडी गाद्या बसवता येणारं मॉडेल घ्यावं. आवाजाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे. युद्धाचा प्रसंग आला की हात आपोआप आवाजाच्या बटणाकडे जातो, म्हणून फोनमध्ये कमाल आवाजाची मर्यादाच घालून ठेवलेली बरी.

प्रसंगासाठी तीन याद्या वेगळ्या करा आणि नावांपुढे क्रमांक टाका. पहिलीत ठेका नसलेलं, तंबोऱ्यासारखं सलग काहीतरी: खोलीत दार कुठे, कुणाच्या हातात काय, पळायची वाट कुठली, हे चार ओळींत मांडून घ्यायला. हा टप्पा ढोलावर केला तर भूगोल हमखास चुकतो, डाव्या हातातला सुरा पुढच्या परिच्छेदात उजव्या हातात जातो. दुसरीत एकच मुख्य तुकडा, रिपीटवर. तिसरी यादी संथ, मार संपल्यानंतरच्या पानांसाठी. ती नसली तर ढोल थांबताच लेखक उठून जातो आणि जखमी माणूस तसाच रस्त्यावर पडून राहतो.

दुरुस्तीला मात्र ॲप बंद. मोठ्याने वाचा. ज्या ओळी ढोलावर थरारक वाटल्या होत्या त्यांतल्या निम्म्या इथे पडतात, कारण थरार ढोलाचा असतो. ज्यांना दुरुस्तीही संगीतातच करायची आहे त्यांनी प्रीमियम घेऊ नये. त्यांना ही सेवा जितकी चांगली मिळेल तितकं हस्तलिखित वाईट होईल.